नॅनो युरिया
नत्राचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले हे द्रवरूप खत इफ्को या सहकारी संस्थेने २०२१ मध्ये आणले. हे कण पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून, आत शिरतात आणि ५०० मिलिची बाटली साध्या युरियाच्या ४५ किलोच्या गोणीचे काम करते, असा उत्पादकांचा दावा आहे. मात्र २०२१ च्या मूळ बाटलीत जेमतेम २० ग्रॅम नत्र होते, तर गोणीत ते सुमारे २० किलो असते; त्यामुळे हा हिशेब सहज पटत नाही. सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी, जेथे उसाला अतोनात पाणी दिल्याने बऱ्याच काळ्या जमिनी क्षारपड (क्षार साचून नापीक) झाल्या आहेत, तेथे जमिनीऐवजी पानांतून खत देण्याचे आकर्षण स्वाभाविक होय. पण वाढलेल्या उसात पाठपंप घेऊन शिरणे कठीण असल्याने फवारणीसाठी ड्रोनचा आधार घ्यावा लागतो.