हिंगोली डेक्कन : रूळ, सीमा आणि सोयरीक

निजामाच्या राज्यातली मीटरगेज रेल्वे पूर्णेहून निघून १९१२ साली हिंगोलीला पोहोचली आणि तिथेच थांबली. हिंगोलीच्या पुढे वाशीम, वाशीमच्या पुढे अकोला. अकोल्यावरून मुंबई-नागपूर मार्गाची गाडी १८६७ पासूनच धावत होती. हिंगोली ते अकोला हे रेल्वेने आज मोजले तर सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आतले अंतर. मध्ये वाशीमचे पठार आणि थोडी चढउतार आहे. पण त्याहून अवघड असा महूचा घाट होळकरांच्या रेल्वेने १८७० च्या दशकातच पार केला होता. तरीही हे छोटे अंतर भरून निघायला जवळजवळ पाच दशके लागली. १९६० च्या सुमारास हिंगोली-अकोला-खांडवा मार्ग पुरा झाला, तोवर हिंगोली हे शेवटचे स्टेशनच राहिले. ते का, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा या लेखाचा विषय आहे.

पहिले कारण सर्वांना ठाऊक आहे. हिंगोलीच्या उत्तरेला राज्य बदलत होते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, ते हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा खर्च भागावा म्हणून. हिंगोली ही याच फौजेची एक छावणी. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही शहरातल्या वस्त्यांची नावे त्या काळाची आहेत. म्हणजे हिंगोलीच्या शिपायाचा पगार वऱ्हाडच्या महसुलातून येत होता, आणि तरी वऱ्हाड हे परके राज्य होते. १९०२ च्या कराराने वऱ्हाड सालीना पंचवीस लाख रुपयांच्या बदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले आणि कंटिन्जंट ही वेगळी फौज लवकरच मोडण्यात आली. गंमत अशी की छावणी गेल्यानंतर रेल्वे आली. तेव्हा ती फौजेसाठी आली, असे म्हणता येत नाही.

ती आली कापसासाठी. हिंगोली ही कापसाची मोठी पेठ होती. इथला कापूस पूर्णेमार्गे मनमाडला जाई, तिथे मीटरगेजच्या डब्यांतून उतरून ब्रॉडगेजच्या डब्यांत चढे आणि मुंबईला पोहोचे. मनमाडच्या हमालांच्या पाठीवरून मराठवाड्याचा किती कापूस गेला असेल, कोण जाणे! पलीकडे वऱ्हाडचा कापूसही मुंबईलाच जात होता, पण अकोल्याहून थेट ब्रॉडगेजने. आता नकाशा समोर धरून पाहावा. हिंगोलीचे रूळ अकोल्याला जोडले असते, तर हिंगोलीचा व्यापारी पूर्णा-परभणी-औरंगाबाद-मनमाड असा वळसा कशाला घेईल? निजामाची रेल्वे तेव्हा लंडनस्थित कंपनीच्या हाती होती आणि तिच्या भांडवलावरच्या व्याजाची हमी निजाम सरकारने दिली होती. मालाचे भाडे आपल्याच रुळांवर जितके लांब चालेल तितके कंपनीचे आणि सरकारचे हित. सीमेपाशी रूळ थांबले त्यात राज्याचा अभिमान होता तसा हा हिशोबही असावा, असा माझा तर्क आहे.

पण माणसे कापसाच्या गाठी नसतात. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी या भागाच्या सोयरिकी वाशीम, रिसोड, पुसद, उमरखेडशी होत्या आणि आहेत. पैनगंगेच्या दोन्ही काठांची बोली ऐकली तर कोणता काठ कोणाच्या राज्यात होता हे सांगता येणार नाही. इकडे हाली शिक्का चाले, तिकडे कलदार. इकडचा दरबार उर्दू, तिकडची कचेरी इंग्रजी. वाशीम रस्त्यावरच्या कनेरगावाच्या नावाला आजही ‘नाका’ चिकटलेला आहे. माहेरवाशिणीच्या पेटाऱ्यातली लुगडी आणि डब्यातले अनारसे नाक्यावर उघडून दाखवावे लागत, असे आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका सांगत.

आमच्या घरच्या जुन्या लग्नपत्रिका आणि आहेराच्या वह्या मी एकदा गावांच्या नावांनुसार लावून पाहिल्या. रेल्वे पुढे जाण्याआधीच्या सुना बहुतेक बैलगाडीच्या एका मुक्कामाच्या आतल्या. एक मुक्काम म्हणजे सकाळी निघून रात्री पाव्हण्याच्या दारात. राज्याची सीमा त्या वर्तुळाला कुठे छेदत होती याची सोयरीक जुळवणाऱ्यांनी फारशी पर्वा केलेली दिसत नाही. त्यांची खरी सीमा बैलांची होती.

या सोयरिकीचे मोल १९४७-४८ मध्ये कळले. रझाकारांच्या धास्तीने मराठवाड्यातली अनेक कुटुंबे सीमेपलीकडे गेली. उमरखेडसारख्या वऱ्हाडी गावात हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सशस्त्र केंद्र होते हे इतिहासात नोंदले गेले आहे. पण बायकामुले मात्र केंद्रावर राहिली नाहीत, ती मावशीकडे, आत्याकडे, व्याह्यांकडे राहिली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि ती घरी परतली. हा मुक्काम कोणत्याही सरकारी कागदावर नाही.

१९५६ मध्ये मराठवाडा आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले आणि मधली सीमा पुसली गेली. त्याच काळात हिंगोली-खांडवा जोडमार्गाचे काम चालू होते. त्याचे महत्त्व देशाच्या दृष्टीने मोठे होते, कारण उत्तरेतले आणि दक्षिणेतले मीटरगेजचे जाळे तोवर एकमेकांना जोडलेलेच नव्हते. पुढे याच मार्गावरून मीनाक्षी एक्स्प्रेस धावू लागली. काचिगुड्याहून नांदेड, पूर्णा, हिंगोली, अकोला, खांडवा, महू, इंदूर, रतलाम, चित्तोडगड, अजमेर करत ती जयपूरला जाई. कालपरवापर्यंत ‘शेवटचे स्टेशन’ असलेले हिंगोली एकदम मधले स्टेशन झाले.

आमच्या पिढीतल्या नवराबायकोची सहल म्हणजे ही गाडी. लॉज, हॉटेल यांचा प्रश्न नव्हता, मुक्काम नात्यातच. आम्ही लग्नानंतर दुसऱ्या वर्षी निघालो तेव्हा वाशीमला माझी मावशी, अकोल्याला साडू, अकोटला सासुरवाडी आणि खांडव्याला पत्नीचे चुलतमामा. औंढ्याच्या नागनाथाला नारळ फोडून निघायचे आणि ओंकारेश्वर करून यायचे, जमले तर उज्जैनचा महाकाळही, म्हणजे तीन ज्योतिर्लिंगे. प्रत्येक घरी दोन रात्री, प्रत्येक घरून निघताना दशम्यांची पुरचुंडी. अकोटच्या पुढे सातपुडा सुरू होई. धुळघाटाजवळ गाडी डोंगराला वेटोळे घालून आपलीच वाट खालून ओलांडी, आणि अख्खा डबा खिडक्यांशी गोळा होई. तुकईथडला कोरकू बायका टोपल्या घेऊन चढत. त्यांच्यासाठी ही सहल नव्हती; बाजार, दवाखाना आणि कचेरी यांना जोडणारी हीच एक वाट होती.

लग्नपत्रिकांकडे परत वळतो. १९६० नंतरच्या सुनांची माहेरे बैलगाडीच्या वर्तुळात मावत नाहीत. ती रुळांवर एका रेषेत लागतात : वाशीम, बार्शीटाकळी, अकोला, अकोट. माझी पत्नी त्याच रेषेवरून आली. एका घरावरून सगळ्या जिल्ह्याचे अनुमान काढू नये हे मला कळते. पण रेल्वेच्या खर्चाचे आणि मालाचे हिशोब जसे ठेवले जातात तसे या गोष्टीचे कोणी ठेवत नाही, म्हणून घरची वहीच पुरावा मानावी लागते.

आता थोडे दूरचे. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघे युरोपात गेलो. मुलगा श्टुटगार्टला, पुतणी फ्रान्समध्ये नान्सीला. ‘अहो, हे आपलं खांडव्यासारखंच झालं की, एकाकडे उतरायचं नि दुसऱ्याकडे निघायचं,’ असे पत्नी म्हणाली. तिचे म्हणणे मला फार लागू वाटले. श्टुटगार्टहून निघून ऱ्हाईन ओलांडून स्ट्रासबुर्गला गेलो, तिथून साध्या गाडीने नान्सीला. पासपोर्ट कोणी मागितला नाही. पण त्या प्रवासात एक गोष्ट इतिहासाच्या माणसाला थांबवणारी होती. फ्रान्समध्ये रेल्वेगाड्या सर्वसाधारणपणे डाव्या रुळावरून धावतात. आल्सास प्रांतात मात्र उजव्या. कारण १८७१ ते १९१८ या काळात आल्सास जर्मनीकडे होता आणि त्याच्या रेल्वेला जर्मन वळण लागले. जुन्या सीमेच्या आसपास एक रूळ दुसऱ्यावरून पुलाने उडी घेतो आणि गाडीची बाजू बदलते. तिथेच अव्रिकूर नावाचे गाव लागते. जर्मनांनी तिथे जकातीसाठी भलेमोठे सीमास्टेशन बांधले होते. मला तर तो कनेरगाव नाकाच वाटला! सीमा जाऊन शंभर वर्षे झाली, रूळ अजून ती पाळतात.

परत येऊन आपल्याकडे पाहिले तेव्हा तीच गोष्ट दिसली. हिंगोलीच्या फलाटावरच्या पाटीवर आजही ‘हिंगोली डेक्कन’ लिहिलेले असते; ‘हैदराबाद डेक्कन’ म्हणत त्या काळाची ती आठवण. ती पाटी निरुपद्रवी आहे. पण १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय सिकंदराबादला ठेवले गेले. पुढे नांदेड विभाग झाला, तोही तिच्याच आधीन. पूर्णा-अकोला मार्ग नांदेड विभागात, तर अकोला जंक्शन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात. म्हणजे निजाम आणि वऱ्हाड यांच्यातली सीमा महसुली नकाशातून गेली, ती रेल्वेच्या नकाशात अकोल्यापाशी जाऊन बसली. नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडावा ही मराठवाड्याची जुनी मागणी आहे, तिच्यामागे केवळ अस्मिता नाही. हिंगोलीहून मुंबईला थेट गाडी किती असाव्यात, याचा विचार करणारे कार्यालय दक्षिणेकडे तोंड करून बसलेले असेल, तर त्याचा परिणाम वेळापत्रकात दिसणारच.

गेजबदलाने एक हाताने दिले आणि दुसऱ्याने घेतले. पूर्णा-अकोला २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला आणि हिंगोली देशाच्या मुख्य जाळ्यात आले. मीनाक्षीचा प्रवास त्याआधीच आखडत पूर्णेपर्यंत आला होता, मग ती बंदच पडली. अकोला-खांडवा मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला बंद झाला. अकोल्याहून अकोटपर्यंत ब्रॉडगेजची गाडी सुरू झाली, पण अकोटच्या पुढचा जुना मार्ग मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जात असल्याने अडला. वाघांच्या हद्दीबाहेरून सोनाळा, जामोद भागातून जाणाऱ्या वळशाचा पर्याय पुढे आला. वाघाच्या जंगलातून वेगवान ब्रॉडगेज नेऊ नये हे मला पटते. वळशाचा मार्ग आजवर रेल्वे न पाहिलेल्या गावांना जोडणार असेल तर ते चांगलेच. पण रुळांविना गेलेली वर्षेही मोजली पाहिजेत. जंगलातल्या कोरकू वस्त्यांची एकुलती वाट गेली तिच्या जागी दुसरे काय दिले, हा प्रश्न वाघाच्या बाजूने असणाऱ्यांनीही विचारायला हवा.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याचा इतिहास लिहिताना आपण औंढ्याचे मंदिर, नामदेवांचे नर्सी, छावणी आणि मुक्तिसंग्राम लिहितो आणि ते योग्यच आहे. त्यात रेल्वेचेही एक प्रकरण असावे, पण ते केवळ सालांचे नको. जुन्या मार्गाने प्रवास केलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. कोणत्या गावची सोयरीक कधी जुळली, ४८ साली कोण कोणाकडे राहिले, खांडव्याच्या गाडीने कोण कशासाठी गेले, हे त्यांना विचारून लिहून ठेवता येईल. त्यासाठी सरकारी दप्तर लागत नाही. या दिवाळीत घरी पाव्हणे येतील तेव्हा आहेराची जुनी वही काढून बसावे, आणि प्रत्येक नावापुढे गाव आणि तिथवर पोहोचण्याची तेव्हाची वाट लिहून घ्यावी. तसे केले तर जोडमार्गाचा निर्णय पुन्हा कधी कागदावर येईल तेव्हा टनांच्या आकड्यांशेजारी ठेवायला आपल्याकडेही काही असेल.