भिंतीच्या पोटांत

'घर पाहावें बांधून' ही म्हण आपल्याकडे लग्नाच्या जोडीनें सांगतात. परंतु लग्नाची पारख होण्यास कांहीं वर्षें जावीं लागतात, घराची मात्र पहिल्याच पावसांत होते. कोल्हापुराहून गारगोटीकडे जातांना कागल तालुक्यांत बिद्री हें गांव लागतें. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांचें नांव धारण करणारा सहकारी साखर कारखाना येथलाच. उसाचा पैसा हातीं खेळूं लागला तशा या भागांतील मातीच्या भिंती आणि कौलारू छपरें जाऊन सिमेंटचीं घरें उभीं राहिलीं. आमच्या एका आप्तांनींही येथें असेंच घर बांधलें. वास्तुशांत वैशाखांत थाटानें झाली, आणि आर्द्रा नक्षत्र लागतें न लागतें तोंच माजघराच्या छतांतून थेंब टपकूं लागले.

कारण शोधूं गेल्यास तें अगदीं साधें निघालें. स्लॅबचा माल पातळ असला म्हणजे तो पसरावयास सोपा जातो. म्हणून गवंड्यानें त्यांत हात सैल सोडून पाणी ओतलें. तें जास्तीचें पाणी पुढें उडून गेलें आणि त्याच्या जागीं बारीक छिद्रें राहिलीं. उलट, जेथें पाणी हवें तेथें तें मिळालें नाहीं. स्लॅबवर आळीं करून निदान आठवडाभर, शक्य तर दोन आठवडे, पाणी साठवून ठेवावें लागतें; तें कोणी ठेवावें याची वाच्यताच झाली नव्हती. स्लॅबच्या दिवशीं नारळ फुटला, गोडाचें जेवण झालें, आणि दुसऱ्या दिवशीं गवंडी दुसऱ्याच्या कामावर गेला! धन्यास वाटलें, पाणी मारणें हें गवंड्याचें काम. गवंड्यास वाटलें, धन्याचें.

हें दुखणें आजचें नव्हे. सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजानें आपल्या कायद्यांत असें लिहून ठेवलें कीं, घर पडून धनी मेला तर बांधणाऱ्यास देहान्त; धन्याचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलास देहान्त; आणि भिंत नुसती कलली तर ती त्यानें पदरच्या पैशानें मजबूत करून द्यावी. आमचा कौटिल्य इतका उग्र नाहीं. ठरल्याहून निराळें काम करणाऱ्या कारागिराची मजुरी बुडावी व वर तिच्या दुप्पट दंड बसावा, इतकें तो 'कारुकरक्षण' प्रकरणांत सांगतो. मुलाच्या अपराधशून्य मानेवर सुरी ठेवणाऱ्या न्यायापेक्षां आम्हांस हा न्याय बरा वाटतो. पण दोनही ठिकाणीं अडचण एकच: काम बिघडल्यावरच राजा जागा होतो. भिंत बांधून झाली कीं तिचें पोट कोणाला दिसत नाहीं, आणि दोष तर पोटांतच असतो.

या न दिसणाऱ्या दोषाची धास्ती एका माणसानें किती घ्यावी याचें उदाहरण खुद्द कोल्हापुरांतच आहे. कोल्हापूरचा नवा राजवाडा सन १८७७ ते १८८४ या काळांत बांधला गेला. त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या लष्करी अभियंत्याचा. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचाही त्याचाच. असें सांगतात कीं, आपल्या हिशेबांत चूक राहिली असून आपण योजिलेल्या इमारती कोसळणार, या विचारानें त्याला इतकें ग्रासलें कीं त्याची बुद्धि भ्रमिष्ट झाली. सन १८८१ मध्यें, राजवाडे पुरे होण्यापूर्वींच, तो मरण पावला. त्याचे दोनही राजवाडे आजतागायत उभे आहेत.

आणि जीं घरें पडलीं त्यांच्याविषयीं कोणासच धास्ती नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, चारास कांहीं मिनिटें असतां, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत सरकारी गणतीनें आठ हजारांच्या घरांत माणसें मेलीं. तीं बहुतेक आपल्याच भिंतींखालीं. त्या भिंती पातळ होत्या म्हणावें तर तसेंही नाहीं. दोन दोन हात रुंद भिंती त्या! पण बाहेरचा एक थर, आंतला एक थर, मधें चिपा आणि मातीची भर, असा तो प्रकार होता. दोनही थरांना आरपार सांधणारे लांब दगड त्यांत नव्हते. वर माळवदाच्या मातीचा मोठा भार. जमीन हालतांच दोन थर एकमेकांपासून सुटले आणि भिंत दोहों बाजूंस फुटली. जेथें लांकडी खांब व तुळया यांचे खण शाबूत होते तेथें भिंती ढांसळूनही कित्येक छपरें तशींच उभीं राहिलीं, ही गोष्ट पाहणाऱ्यांनीं नमूद केली आहे. पुढें दुरुस्तीची जी रीत शिकविली गेली तींत भिंतीला ठिकठिकाणीं भोंक पाडून त्यांत सळई व काँक्रीट घालावयाचें होतें. म्हणजे जो दगड आरंभींच बसवावयाचा तोच मागाहून बसविणें झालें. त्या गवंड्यांना आम्ही लबाड म्हणणार नाहीं. लांब दगड घडविण्यास वेळ लागतो, मोल पडतें. घरधन्यानें तो मागितला नाहीं, आणि न मागितलेली वस्तु एक दोन पिढ्यांत हातांतून जाते.

आज कायदा नाहीं असें नाहीं. सन २०१६ च्या 'रेरा' कायद्याप्रमाणें, घराचा ताबा दिल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधणींत किंवा कारागिरींत दोष दिसल्यास विकसकानें तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करावा लागतो. परंतु हा आधार बांधलेलें घर विकत घेणाऱ्यास. बिद्रीसारख्या ठिकाणीं मनुष्य आपल्या जागेंत आपला गवंडी लावून घर बांधतो, त्याला तो लागू पडत नाहीं. ग्राहक आयोगाकडे जातां येतें. घरबांधणी ही सेवा म्हणून त्या कायद्यांत धरलेली आहे. पण तेथें करारपत्र, पावत्या, मापें पुढें ठेवावीं लागतात. आमच्या आप्तांपाशीं होतें काय? पाठपोट वहींत उचल दिल्याच्या तारखा, आणि गवंडी नात्यांतलाच असल्यामुळें बोलावयाची चोरी.

दुसऱ्या वर्षीं तोच गवंडी आला, त्यानें स्लॅबवर कोबा केला आणि त्याचे पैसे निराळे घेतले. पावसाळाभर घरांतल्या म्हाताऱ्या आत्याबाई मात्र परड्यांतल्या जुन्या कौलारू सोप्यांत निजत होत्या. तो सोपा पाडून तेथें मोटारीसाठीं जागा करावयाची ठरली होती. तें काम सध्यां लांबणीवर पडलें आहे.