लाँग हाऊस खोरे का ओस पडले? : संगणकीय प्रतिमान आणि इतिहास

इतिहासात जे एकदा घडून गेले ते पुन्हा घडवून पाहता येत नाही, ही इतिहास संशोधकाची जुनी अडचण आहे. कर्ता-आधारित संगणकीय प्रतिमानामुळे ती अंशतः दूर होते. या पद्धतीत समाज हा एकसंध घटक न मानता संगणकात अनेक स्वतंत्र कर्ते कल्पिले जातात, प्रत्येकास निर्णयाचे मोजके नियम दिले जातात आणि त्यांतून सामूहिक वर्तन कसे आकारास येते ते पाहिले जाते. थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये वस्त्यांच्या वांशिक विभागणीचा अभ्यास याच विचाराने केला होता.

इतिहासाच्या दृष्टीने अधिक उद्‌बोधक उदाहरण अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या ईशान्येस असलेल्या लाँग हाऊस खोऱ्याचे आहे. येथील मका पिकवणारा प्राचीन प्वेब्लो समाज इ. स. १३०० च्या सुमारास खोरे सोडून गेला. (या समाजास रूढ झालेले ‘अनासाझी’ हे नाव नव्हाहो भाषेतून आलेले असून आजच्या वंशजांना ते मान्य नाही.) रॉबर्ट ॲक्सटेल, जोशुआ एपस्टाइन, जेफ्री डीन, जॉर्ज गमरमन आदींनी इ. स. ८०० ते १३५० हा कालखंड संगणकात उभा केला आणि २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. झाडांच्या वर्षवलयांवरून पर्जन्यमान व त्यावरून मक्याचे उत्पन्न ठरवले गेले. प्रत्येक कुटुंब पाच माणसांचे, माणशी वार्षिक गरज १६० किलो मका. शेत पुरेनासे झाले की कुटुंबाने दुसरी जागा शोधावी, न मिळाल्यास खोरे सोडावे.

प्रतिमानातील लोकसंख्येचा चढउतार पुरातत्त्वीय पुराव्याशी बराच जुळला. मात्र या यशाचे फार कौतुक करू नये. २००९ मध्ये मार्को यान्सेन यांनी दाखवून दिले की, ही जुळणी मुख्यतः जमिनीच्या धारणक्षमतेमुळे होते. कुटुंबांच्या निर्णयनियमांचा वाटा त्यात अल्पच आहे.

प्रस्तुत लेखकास महत्त्वाचे वाटते ते प्रतिमानाचे अपयश. १२७६ ते १२९९ च्या महादुष्काळानंतरही संगणकातील खोऱ्यात काही कुटुंबे तग धरून राहतात. प्रत्यक्षात तेथे कोणीच उरले नाही. म्हणजे केवळ अवर्षणाने हे स्थलांतर पुरते उलगडत नाही. आप्तसंबंध, विधी, शेजाऱ्यांचे भय किंवा अन्यत्र गेलेल्यांची ओढ यांपैकी नेमके काय प्रभावी ठरले, हे प्रतिमान सांगू शकत नाही, कारण ते त्यात घातलेलेच नव्हते. वंशजांपैकी होपी लोकांच्या कुळांनी मात्र आपल्या स्थलांतरांच्या कथा मौखिक परंपरेत जपल्या आहेत. पुढील प्रतिमानाचे नियम ठरवताना त्या कथाही साधन म्हणून तपासावयास हव्यात.