बादशहा आणि सह्याद्रीचा पावसाळा

श्रोतेहो, सिद्धगड म्हटले की मुरबाड-शहापूरच्या माणसाला 2 जानेवारी 1943 ची पहाट आठवते. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच हुतात्मा झाले. त्या स्मृतीला वंदन करून आज मी सह्याद्रीतलेच, पण पुष्कळ जुने प्रकरण सांगणार आहे. आषाढात या डोंगरांतल्या ओढ्यांचे काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. औरंगजेब बादशहाला मात्र ते फार महागात कळले.

1681 साली तो दक्षिणेत उतरला. 1686 त विजापूर घेतले, 1687 त गोवळकोंडा. 1689 त संभाजीराजांना हालहाल करून मारले. त्याला वाटले, संपले! पण मराठ्यांचे बळ आता एका राजधानीत नव्हते. ते धनाजी जाधवांसारख्यांच्या घोड्यांबरोबर मुलूखभर धावत होते. आणि ऐंशी उलटलेला बादशहा 1699 च्या अखेरीस स्वतः निघाला, तो एकेक किल्ला घ्यायला.

हे काम सरदारांचे. मग तो का गेला? माझ्या मते, विश्वास ठेवावा असे त्याला कोणी उरलेच नव्हते. मुलगा अकबर बंड करून संभाजीराजांच्या आश्रयाला गेलेला. थोरला शाहआलम 1687 पासून कित्येक वर्षे कैदेत. ज्याला पोटचा पोर शत्रू वाटतो, तो सेनापतीला मोकळा हात कसा देणार?

साताऱ्याला 13 एप्रिल 1700 रोजी सुरुंग उडवला. तट बाहेरच्या बाजूस कोसळला आणि बादशहाचीच सुमारे 2,000 माणसे गाडली गेली. विशाळगडाला 1702 च्या आरंभी वेढा पडला. महिने गेले, वळीव आला, तरी वेढा उठवायचा नाही हा हट्ट! जूनमध्ये गड मिळाला, तोही परशुराम त्रिंबकांना 2 लाख रुपये मोजून. परतीची वाट मात्र पैशाने मिळेना. ओढे दुथडी, चिखलात उंट-बैल रुतलेले, दाणागोटा महाग. पन्हाळा जेमतेम 30 मैलांवर, आणि बादशाही लष्कराला तिथे पोचायला लागले 38 दिवस! आपला गुराखी हसेल हो.

तो पुढे सरकला की मागचे किल्ले ताराबाईंची माणसे एकेक करून परत घेत. 1706 साली तर मराठे गुजरातेत घुसले, रतनपूरला मोगली फौज त्यांनी मोडली. बादशहा 1707 त अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, छावणीतच वारला. 1679 त सोडलेली दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही.