तेरची पांढरी: जनगणनेआधीचं शहर

एक हात मोकळा असेल तर फोनवर नकाशा उघडा आणि धाराशिव शोधा. तिथून ईशान्येला साधारण वीसेक किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी एक नाव दिसेल, तेर. थोडं झूम करावं लागेल, कारण गाव छोटं आहे. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचं म्हणून माहीत असतं. संत गोरा कुंभार यांची समाधी इथेच आहे.

आता या छोट्या गावाबद्दल इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने काय लिहिलंय बघा. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, पुस्तकाचं नाव 'पेरिप्लस'. तो म्हणतो, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर', फार मोठं शहर. तगरहून जाडंभरडं कापड भरपूर येतं, तलम मलमलही येते. हा सगळा माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोच बंदरात उतरतो.

हे तगर नेमकं कुठलं, यावर विद्वानांनी बराच घोळ घातला. कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर, कुणी धारूर. शेवटी 1901 साली जे. एफ. फ्लीट यांनी तेरकडे बोट दाखवलं. त्यातला अंतराचा मुद्दा तुम्हीही तपासू शकता. भडोच ते पैठण सरळ रेषेत अंदाजे 350 किलोमीटर, म्हणजे दिवसाला सतरा-अठरा. पैठण ते तेर अंदाजे 150, म्हणजे दिवसाला पंधरा. प्रत्यक्षातली वाट वाकडीतिकडी, त्यामुळे थोडी जास्तच. बैलगाडीची चाल बरोबर जुळते! दिशा मात्र पूर्व नाही, आग्नेय आहे. पण लिहिणारा समुद्रावरचा माणूस, आतला मुलूख त्याने बहुधा ऐकूनच लिहिला असणार, तेवढं माफ करू.

मग या फार मोठ्या शहरात माणसं किती होती? जनगणना नव्हती, आकडा नाही. पण आपल्याकडे गावाची जमीन मोजायचे दोन जुने शब्द आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली की राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून जमीन पांढुरकी होते आणि उंच होत जाते. तेरच्या आजूबाजूला अशी पांढरीची टेकाडं आहेत. 1958 मध्ये चापेकर यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळाची वस्ती उजेडात आली. काळीने कापूस दिला आणि पांढरीने विणकर, कुंभार, व्यापारी सांभाळले.

गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी या मातीतून निघालेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. आज त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय तेरमध्ये आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती नक्की बघा. तिच्याशी साम्य असलेली भारतीय मूर्ती 1938 साली कुठे सापडली माहितीये? इटलीत, पाँपेईमध्ये. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीने गाडलेलं ते शहर!

पुढे रोमचा व्यापार आटला, सत्ता बदलल्या, वाटा दुसरीकडून जाऊ लागल्या. गंमत अशी की कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे त्यानंतर कित्येक शतकं स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत होते. राज्य कुठे, नाव कुठलं! शहर आटलं तरी त्याचा रुबाब चालत होता. आपल्याकडे पुण्यात राहून गावाचं आडनाव लावतात, तसंच म्हणा ना.

2011 च्या जनगणनेत धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या 16,57,576 आहे, म्हणजे चौरस किलोमीटरला 219 माणसं. शंभरातली त्र्याऐंशी खेड्यात राहणारी. हे आकडे दाखवून जिल्ह्याला सरळ 'मागास' म्हणतात, तेव्हा मला तेर आठवतं. भडोचच्या बंदरात आपला माल विकणारं शहर याच काळ्या मातीवर उभं होतं. पाऊस तेव्हाही बेभरवशाचाच असणार.

तेरला जाणार असाल तर त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर चुकवू नका, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे. आणि पाऊस पडून गेल्यावर टेकाडावर एखादा मणी किंवा खापराचा तुकडा दिसला, तर खिशात घालू नका. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि संग्रहालयात सांगा.