रासायनिक सुरक्षा : आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि मुळगाव

रासायनिक सुरक्षा : रसायन कारखान्यात तयार होते, भरले जाते, वाहून नेले जाते, वापरले जाते आणि शेवटी टाकून दिले जाते. या सगळ्या वाटेवर माणसाला, गुराढोरांना, पाण्याला आणि मातीला इजा होऊ नये म्हणून जे शास्त्र, जे कायदे आणि जी दक्षता लागते, तिला रासायनिक सुरक्षा म्हणतात. ही वाट एका देशात सुरू होऊन दुसऱ्या देशात संपते, त्यामुळे एकट्या देशाच्या कायद्याने ती सांभाळता येत नाही. गेल्या अर्धशतकात याविषयी अनेक आंतरराष्ट्रीय करार झाले. ते जिनिव्हा, रॉटरडॅम, स्टॉकहोम अशा शहरांत झाले. रसायनाची बाटली मात्र शेताच्या मेरेवर उघडली जाते. म्हणून या नोंदीत हा विषय गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या मुळगावात उभे राहून पाहिला आहे.

मुळगावाच्या आसपास शिरगाव, मये आणि अस्नोडा ही गावे आहेत. गावची देवी केळबाई ही शिरगावच्या लईराईची बहीण मानली जाते. भातशेती, कुळागरे म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, काजूचे डोंगर आणि लोहखनिजाच्या खाणी यांत गावची जमीन वाटली गेली आहे. या चारही ठिकाणी रसायनाचा प्रश्न निरनिराळ्या रूपात येतो.

सर्वांत जुने रसायन कुळागरातले. पावसाळ्यात सुपारीला कोळेरोग लागतो आणि कोवळी फळे कुजून गळतात. त्यावर पाऊस धरण्याआधी बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी लागते. मोरचूद एका भांड्यात, चुना दुसऱ्या भांड्यात विरघळवून मग दोन्ही एकत्र ओततात. भांडे लोखंडाचे चालत नाही. मिश्रण जमले का हे पाहण्यासाठी कोयत्याचे स्वच्छ पाते त्यात बुडवून बाहेर काढतात. पात्यावर तांबूस थर दिसला तर तांबे मोकळे उरले आहे, चुना आणखी हवा, असे समजतात. बोर्डो हे फ्रान्समधल्या द्राक्षांच्या प्रदेशाचे नाव. तिथे १८८५च्या सुमारास मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी हे मिश्रण पुढे आणले आणि ते जगभर पसरले. तांबे मातीतून जात नाही, साठत राहते. म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबे ही मर्यादा घातली आहे. कोयत्याच्या पात्याची ही परीक्षा मुद्दाम सविस्तर सांगितली. इथे धोका डोळ्यांना दिसतो आणि तो ओळखण्याचे ज्ञान बापाकडून मुलाकडे येते. नंतर आलेल्या रसायनांना अशी परीक्षा नाही. त्यांच्या बाबतीत वापरणाऱ्याच्या हाती असते ते फक्त वेष्टनावरचे लेबल, आणि रासायनिक सुरक्षेचे बहुतेक प्रश्न तिथे येऊन थांबतात.

जागतिक आरोग्य संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी १९८०मध्ये रासायनिक सुरक्षेचा संयुक्त कार्यक्रम सुरू केला. पण जगाला खडबडून जागे केले ते भोपाळने. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री कीटकनाशकाच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. आजूबाजूच्या वस्तीला त्या वायूचे नावही माहीत नव्हते. त्यानंतर भारतात १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८९चे घातक रसायनांविषयीचे नियम आणि १९९६चे रासायनिक अपघातांविषयीचे नियम आले. मोठ्या औद्योगिक अपघातांविषयीचा कामगार संघटनेचा १९९३चा करार भारताने २००८मध्ये स्वीकारला. १९९६च्या नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत आपत्ती गट नेमायला सांगितले आणि लोकांना आधीच माहिती देणे हे त्यांचे काम ठरवले. नियमांतला हा भाग सर्वांत मोलाचा आहे. गावात तोच सर्वांत कमी पोहोचला आहे.

आंतरराष्ट्रीय व्यवस्था मुख्यतः चार करारांवर उभी आहे. घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर बंधन घालणारा बाझेल करार १९८९चा. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरचा स्टॉकहोम करार २००१चा. ही रसायने वर्षानुवर्षे नाश न पावता अन्नसाखळीत साठतात. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१३चा. जपानमधल्या ज्या उपसागराचे नाव त्याला दिले, तिथे मासळीतून पारा पोटात जाऊन माणसे लुळी झाली होती. भारताने तो २०१८मध्ये स्वीकारला. चौथा १९९८चा रॉटरडॅम करार. त्याचे तत्त्व पूर्वसूचित संमतीचे : यादीतले घातक रसायन पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाला त्याची माहिती द्यायची आणि त्याचा होकार किंवा नकार पाळायचा. तत्त्व न्याय्य आहे. मात्र संमती विचारली जाते ती देशाच्या राजधानीला. पाठीवर पंप घेणाऱ्याला कोणी विचारत नाही. शिवाय यादीत नवे नाव घालायला सर्व देशांची सहमती लागते, त्यामुळे एका देशाच्या विरोधानेही ते अडते. घरांच्या पडव्यांवर दिसणाऱ्या सिमेंटच्या पत्र्यांतला पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस असाच वर्षानुवर्षे यादीबाहेर राहिला, आणि विरोध करणाऱ्यांत अनेक बैठकांत भारतही होता.

करार कामी आल्याचे उदाहरण काजूचे आहे, म्हणून ते पेडणे-डिचोलीच्या माणसाला लवकर समजेल. काजूच्या मोहोरावर ढेकण्या नावाची कीड पडते, मोहोर काळा पडून वाळतो. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर या किडीसाठी सुमारे दोन दशके हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. खालच्या वाड्यांत व्यंग असलेली मुले जन्मली, मज्जासंस्थेचे आजार वाढले. लोकांनी लढा दिला, तो देशभर आणि मग जिनिव्हापर्यंत गेला. एप्रिल २०११मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत स्टॉकहोम करारात एंडोसल्फानचे नाव घातले गेले आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतात त्यावर बंदी आणली. त्या बैठकीत भारत सरकारने आधी विरोध केला होता. कासरगोडच्या आया बोलल्या नसत्या तर हे घडले नसते.

मराठी मुलखातले सर्वांत दुःखद प्रकरण यवतमाळचे. २०१७च्या पावसाळ्यात तिथे कपाशी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती. फवारा वर मारावा लागे आणि तो तोंडावर, छातीवर परत येई. उलट्या, अंधूक दिसणे, श्वास लागणे अशी लक्षणे घेऊन शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यांत आले, त्यांतले २०हून अधिक दगावले. वापरलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस आणि डायफेन्थियुरॉन यांची नावे पुढे आली. मोनोक्रोटोफॉस रॉटरडॅम कराराच्या यादीत होते, तरी भारतात सर्रास मिळत असे. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश २०२३मध्ये निघाला. डायफेन्थियुरॉन बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची, आणि तिच्या देशात ते वापरातून गेलेले होते. सप्टेंबर २०२०मध्ये ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वित्झर्लंडमधल्या संपर्क केंद्राकडे तक्रार दाखल झाली, आणि मृतांच्या पत्नींनी व एका वाचलेल्या शेतकऱ्याने बाझेलच्या न्यायालयाकडे दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. १ जानेवारी २०२१पासून स्वित्झर्लंडने डायफेन्थियुरॉन आणि प्रोफेनोफॉससह ५ कीटकनाशकांची निर्यात बंद केली. वऱ्हाडातली एक विधवा परदेशातल्या न्यायालयाचे दार ठोठावते, ही रासायनिक सुरक्षेच्या इतिहासातली मोठी घटना आहे आणि मराठी शाळांच्या पुस्तकांत तिला जागा मिळायला हवी.

नव्याने समोर आलेल्या धोक्यांत पीफास हा रसायनसमूह अग्रभागी आहे. तेलपाणी न चिकटणाऱ्या लेपांत आणि आग विझवण्याच्या फेसात तो असतो. त्यातला कार्बन-फ्लोरिन बंध निसर्गात जवळजवळ तुटत नाही. इटलीच्या विचेन्झा प्रांतातल्या त्रिस्सिनो गावी मितेनी नावाचा कारखाना ही रसायने बनवत असे. त्याने सुमारे साडेतीन लाख लोकांच्या परिसरातले पाणी दूषित झाले. कारखाना २०१८मध्ये दिवाळखोरीत गेला आणि जून २०२५मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ जणांना मिळून १४१ वर्षांची शिक्षा सुनावली. दरम्यान कारखान्याची यंत्रे लिलावात एका भारतीय कंपनीच्या उपकंपनीने घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या लोटे-परशुराम वसाहतीत आली. करारांतली फट इथे उघडी पडते. बाझेल करार कचऱ्याला अडवतो, स्टॉकहोम करार ठरावीक रसायनांना अडवतो. वापरलेल्या यंत्रांचा लिलाव मात्र दोहोंच्या हाती लागत नाही. त्यातच स्टॉकहोम करारात नवे नाव आले तरी भारताने ते स्वतंत्रपणे स्वीकारल्याशिवाय इथे लागू होत नाही. २०२०मध्ये ७ रसायनांना अशी मंजुरी मिळाली, त्यांत पीफासपैकी एकही नव्हते. लोटेजवळून जाणारा महामार्गच पुढे पत्रादेवीला गोव्याच्या पेडणे तालुक्यात शिरतो.

गोव्याला हे धोके नवे नाहीत. सत्तरच्या दशकात झुआरीनगरच्या खत कारखान्याच्या सांडपाण्याने वेळसाव किनाऱ्यावर मासे मेले आणि मच्छीमार रस्त्यावर उतरले. फोंडा तालुक्यात केरी येथे नायलॉनच्या परदेशी प्रकल्पाविरुद्ध गाव उठला. भोपाळ सर्वांच्या मनात ताजे होते. जानेवारी १९९५मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला, नंतर प्रकल्पाने गोवा सोडला. १९ जानेवारी २०१८च्या पहाटे चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला आणि झोपेतल्या माणसांना घरे सोडून पळावे लागले. टँकरच्या पाटीवर संयुक्त राष्ट्रांनी ठरवून दिलेला चार अंकी क्रमांक असतो : अमोनिया १००५, क्लोरीन १०१७, पेट्रोल १२०३. हे चार आकडे जगभर एकच आहेत. अग्निशामक दलाचा जवान ते दुरून वाचून काय करायचे ते ठरवतो. ते वाचायला पंचायत सदस्य, शाळेतले मास्तर आणि रस्त्यालगतचे दुकानदार यांनाही एका दुपारी शिकवता येईल.

मुळगावाचा रोजचा प्रश्न मात्र खाणीचा आहे आणि तो कोणत्याही कराराच्या यादीत बसत नाही. इथल्या परिसरातून निघालेले लोहखनिज दशकानुदशके बार्जमधून मांडवीच्या वाटेने मुरगाव बंदरात आणि तिथून जपान, चीनकडे गेले. मागे राहिलेल्या ढिगाऱ्यांवरची माती पावसात उतरून शेतात बसते. भाताच्या खाचरात हा लाल गाळ सुकला की त्याचा कठीण पापुद्रा होतो, पाणी मुरत नाही, रोपाला फुटवे येत नाहीत. मग वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे भात, सोडून द्यावे लागते. सप्टेंबर २०१२मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. डिसेंबर २०२२च्या लिलावात गेलेल्या डिचोली खाणपट्ट्यात २०२४मध्ये काम परत सुरू झाले. घरे, देऊळ, तळे आणि शेती पट्ट्याबाहेर काढा ही गावची मागणी आहे. सोबत धूळही आहे. अतिसूक्ष्म धूलिकणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये सांगितले. भारतीय मानक ४० आहे. या दोन आकड्यांमधल्या अंतरात मुळगावची मुले श्वास घेतात. दरम्यान करारांच्या जगातही हालचाल झाली : सप्टेंबर २०२३मध्ये बॉनला रसायनांचा नवा जागतिक आराखडा ठरला आणि जून २०२५मध्ये उरुग्वेत रसायने, कचरा व प्रदूषण यांसाठी शास्त्रज्ञांचे आंतरसरकारी मंडळ स्थापन झाले. खाणीच्या गाळासारखे, कुठल्याच यादीत न बसणारे विषय या मंडळासमोर गेले पाहिजेत.

राहिले लेबल. भारतात कीटकनाशकाच्या वेष्टनावर कोनावर उभा चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग : लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरव्याचा अर्थ निर्धोक असा नाही, एवढे एक वाक्य कळले तरी पुष्कळ अपघात टळतील. जगासाठी एकच चिन्हपद्धती संयुक्त राष्ट्रांनी २००३मध्ये प्रसिद्ध केली, पण भारतात ती अजून पूर्णपणे बंधनकारक झालेली नाही. नियमाप्रमाणे माहिती हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत हवी. प्रत्यक्षात अक्षरे तांदळाच्या कणीपेक्षा बारीक असतात आणि दुकानातून औषध बिनलेबलाच्या बाटलीत ओतूनही दिले जाते. फवारताना वारा पाठीशी ठेवावा, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. त्रास झाला तर कपडे काढून अंग धुवावे आणि रुग्णाला डिचोलीच्या किंवा बांबोळीच्या इस्पितळात नेताना औषधाचा डबा सोबत न्यावा, कारण कोणते विष शरीरात गेले आणि त्यावर उतारा कोणता, हे डॉक्टर त्या लेबलावरच वाचतो.