मेनूतली ‘पाल’
दीपनगर हे वीज बनवणारं गाव. ‘फेज’ हा शब्द तिथं घरातलाच. तोच फेज जुन्या टीव्हीच्या, गेम कन्सोलच्या मेनूतल्या ‘पाल’मध्ये आहे: फेज अल्टरनेटिंग लाइन. एकाआड एक रेषेत रंगाच्या लहरीचा फेज उलटवायचा, की रंगातली चूक आपोआप भरून निघते. केवढी देखणी युक्ती! ती जर्मनीत टेलिफुंकनच्या वाल्टर ब्रूख यांची. १९८२मध्ये आपला रंगीत दूरदर्शन तिच्यावरच सुरू झाला. आपली वीज ५० हर्ट्झची, पडद्यावरचं चित्रही सेकंदाला ५० वेळा उमटणारं. अमेरिकेत दोन्हीकडे ६०, आणि रंगाची पद्धतही वेगळी. म्हणून तिकडचा कन्सोल पिवळ्या पिनेनं इथल्या जुन्या टीव्हीला जोडला, की चित्र बरेचदा काळं-पांढरं येतं, नाहीतर वर सरकत राहतं. अशा वेळी वायर बदलू नये. सोय असेल तर आउटपुटला ‘पाल’ निवडावं.